लीना, रेई, फे, हाइबारा: एकच बाई, आणि जपानी व्हॉइस ॲक्टिंगचं करिअर नेमकं चालतं कसं

१९९५ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये जपानी टीव्हीवर ‘स्लेयर्स’ हे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीयल, सुरू झालं. त्यात लीना इनव्हर्स नावाची जादूगार पोरगी आहे, खादाड, भांडकुदळ, पैशाची हावरट, एका दमात लांबलचक मंत्र म्हणून समोरचं सगळं उडवून देणारी, आणि ती गप्प बसलीये असा सीन शोधावाच लागतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हान्जेलियन’ आलं. त्यात रेई आयानामी, चौदा वर्षांची मुलगी, जी अगदी मोजकं बोलते आणि तेही असं की समोरच्याला कळत नाही हिला राग आलाय, वाईट वाटलंय की काहीच वाटत नाहीये. दोन्ही आवाज एकाच बाईचे. मेगुमी हायाशिबारा, तेव्हा वय २८.

हे पहिल्यांदा कळलं की सगळे एकच म्हणतात, काय रेंज आहे आवाजाची! आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की रेंज हा या करिअरचा सगळ्यात छोटा भाग आहे. दोन्ही पात्रं लागोपाठ ऐकून बघा, आवाजाची पट्टी बदलते हे खरं, पण त्याहून जास्त बदलतो तो श्वास. लीना वाक्य सुरू करायच्या आधी जोरात श्वास घेते, तो ऐकू येतो, तिला समोरच्याकडून काहीतरी हवंय हे त्या श्वासातच कळतं. रेईचा श्वास ऐकूच येत नाही, तिला कुणाकडून काहीच नकोय. हा अभिनय झाला, मिमिक्री नाही. आणि असा अभिनय करायची संधी मिळण्यासाठी, ती मिळाल्यावर त्यावर घर चालवण्यासाठी, आणि तीस-पस्तीस वर्षं टिकून राहण्यासाठी जपानमध्ये एक अख्खी यंत्रणा आहे, ती बाहेरून दिसत नाही म्हणून आज ती नीट उलगडून सांगतो.

जपानमध्ये व्हॉइस ॲक्टरला सेइयू म्हणतात. सुरुवातीला हा वेगळा धंदाच नव्हता. १९६३ च्या १ जानेवारीला ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर सुरू झालं तेव्हा, आणि त्याच काळात अमेरिकन सिरीयल धडाधड जपानीत डब व्हायला लागल्या तेव्हाही, आवाज देणारे लोक होते ते मुख्यतः नाटकवाले आणि रेडिओ नाटकवाले. दिवसा डबिंग, संध्याकाळी नाटक, आणि मनात कुठेतरी हे की आपलं खरं काम स्टेजवरचं. सत्तरच्या दशकात ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ वगैरे आल्यावर तरुण प्रेक्षक आवाजांची नावं लक्षात ठेवायला लागले आणि मग ऐंशीच्या दशकात अशी पोरंपोरी यायला लागली ज्यांना पहिल्यापासून हेच करायचं होतं. त्यांच्यासाठी एजन्सीवाल्यांनी ट्रेनिंग स्कूल काढली. हायाशिबारा बरोबर या वळणावरची आहे.

ती टोकियोची, जन्म ३० मार्च १९६७. आता यातला भाग मला फार आवडतो. तिने शाळा संपल्यावर नर्सिंग कॉलेजला प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास आर्ट्स व्हिजन नावाच्या, नुकत्याच सुरू झालेल्या एजन्सीच्या ट्रेनिंगसाठी ऑडिशन देऊन निवडली गेली. म्हणजे एकीकडे हॉस्पिटलमधली प्रॅक्टिकल्स, पेशंट, परीक्षा आणि दुसरीकडे उच्चार, श्वास, संवाद. दोन्हीपैकी काहीच सोडलं नाही. नर्सिंग पूर्ण केलं, नर्सचं लायसन्स मिळवलं आणि मग आवाजाच्या कामात उतरली. लोक हे ‘इंटरेस्टिंग माहिती’ म्हणून सांगतात पण मला त्यात व्यवहार दिसतो, कारण या धंद्यात स्कूलमध्ये जाणाऱ्यांची संख्या आणि टीव्हीवर नाव असलेलं पात्र मिळणाऱ्यांची संख्या यात इतकं अंतर आहे की हातात दुसरं काम असणं ही चैन नाही, गरज आहे. आजही बहुतेक नवखे सेइयू कॅफेत, कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये पार्ट टाइम करतात, तेही असं की दुपारी अचानक ऑडिशनचा फोन आला तर सुट्टी मिळेल.

स्कूलमधून एजन्सीत जाणं ही पहिली चाळणी. दरवर्षी ढिगाने मुलं शिकतात, त्यातली थोडी एजन्सीत घेतली जातात. एजन्सीत आलं म्हणजे पगार सुरू झाला असंही नाही. सेइयू हे एजन्सीचे नोकर नसतात, एजन्सी त्यांना ऑडिशनला पाठवते, काम मिळालं तर त्यातला वाटा कापून घेते, साधारण वीस ते तीस टक्के, आणि काम नाही मिळालं तर त्या महिन्यात शून्य. सुरुवातीला मिळतं काय तर गर्दीचा आवाज. बाजारातली माणसं, वर्गातली मुलं, ‘अरे बापरे’, ‘पळा पळा’. हायाशिबाराची सुरुवातही १९८६ च्या ‘मेझॉन इक्कोकू’मधल्या अशाच बारीकसारीक भूमिकांनी झाली.

आता स्टुडिओत काय होतं ते बघू, कारण इथेच बाकी जगापेक्षा जपानची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत मोठ्या ॲनिमेशन फिल्ममध्ये साधारणपणे आधी आवाज रेकॉर्ड होतो आणि ॲनिमेटर त्या आवाजावर ओठ हलवतात. जपानमध्ये काही अपवाद सोडले, जसं १९८८ चा ‘अकिरा’, तर उलटं. आधी चित्र, मग आवाज. याला आफुरेको म्हणतात. म्हणजे पात्राचं तोंड किती सेकंद उघडझाप करणार हे ठरलेलं आहे, अभिनेत्रीने आपली सगळी भावना त्या खिडकीत बसवायची. त्यात गंमत अशी की टीव्ही सिरीयलची चित्रं रेकॉर्डिंगच्या दिवशी बऱ्याचदा तयारच नसतात. स्क्रीनवर स्टोरीबोर्डचे स्केच किंवा पेन्सिलच्या रेषा, आणि पात्र बोलतंय तेवढा वेळ त्याच्या नावाची पट्टी दिसते. पट्टी आली की बोला, गेली की थांबा. चेहऱ्यावर काय भाव असतील ते तुम्हीच कल्पना करा.

एका खोलीत दहा-पंधरा कलाकार, समोर तीन-चार माइक. ज्याचं वाक्य येतंय तो पुढे सरकतो, बोलतो, मागे होतो, दुसरा त्या जागी येतो, आणि हे सगळं बुटांचा, कपड्यांचा, स्क्रिप्टच्या पानाचा आवाज न करता. नवखी मुलगी स्कूलमधून बाहेर पडते तेव्हा अभिनय येत असतो पण कोणत्या माइकवर कधी जायचं, सीनियर कुठल्या माइकवर उभे राहतात, उंच माणसाच्या नंतर बुटक्या माइकवर कसं जायचं हे येत नसतं, ते नुसतं बघून शिकावं लागतं. आधी टेस्ट, मग सूचना, मग फायनल. अर्ध्या तासाचा एपिसोड चार-पाच तासांत उरकतो. म्हणून ‘माझ्या मनात पात्र अजून बसलं नाही’ असं म्हणायला इथे वेळच नसतो, घरून करून यायचं. २०२० मध्ये कोव्हिड आला आणि तीन-तीन चार-चार जणांच्या गटात रेकॉर्डिंग व्हायला लागलं. त्यात नवख्यांचं सगळ्यात मोठं नुकसान हे झालं की सीनियर कसं काम करतात हे त्यांना शेजारी बसून बघायलाच मिळेना.

हायाशिबाराला पहिलं मोठं नाव मिळालं ते १९८९ च्या ‘रानमा १/२’ मध्ये. गोष्ट तुम्हाला माहीत असेल, रानमा हा मार्शल आर्ट शिकलेला मुलगा, गार पाणी पडलं की मुलगी होतो, गरम पाणी पडलं की परत मुलगा. मुलगा रानमाचा आवाज काप्पेई यामागुची, मुलीचा हायाशिबारा. आता विचार करा, शरीर बदललं तरी माणूस तोच आहे, तोच गर्विष्ठ, तोच हट्टी. म्हणजे इथे गोड मुलीचा आवाज काढून चालणार नाही, एक मुलगा मुलीच्या गळ्यातून बोलतोय असं वाटायला हवं, आणि शेजारच्या माइकवरचा माणूस ज्या लयीत बोलतोय ती लय तिने पकडायला हवी, कारण वाक्य अर्ध्यात असताना पाणी पडू शकतं. दोन कलाकार मिळून एक पात्र. एकत्र एका खोलीत रेकॉर्डिंग करायच्या पद्धतीचा फायदा काय तर हा.

आणि मग रेई. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तिला जे समजावलं ते आता बरंच प्रसिद्ध आहे, थोडक्यात मुद्दा असा होता की या मुलीला भावना नाहीत असं नाही, भावना म्हणजे काय हे तिला माहीत नाही. वरवर बघता दोन्ही सारखंच वाटतं पण अभिनेत्रीसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. भावना नाहीत असं म्हटलं की रोबोटसारखं सपाट बोलायचं आणि मोकळं व्हायचं. माहीत नाहीत म्हटलं की आत काहीतरी चालू आहे, फक्त ते आवाजापर्यंत यायचा रस्ता नाही, आणि मग एखाद्या ठिकाणी तो किंचित उघडतो तेव्हा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. आपण रोजच्या बोलण्यात समोरच्याला बरं वाटावं म्हणून आवाजात जो गोडवा, जी अजिजी मिसळतो, ती रेईच्या आवाजातून पूर्ण काढून टाकलेली आहे. यानंतर जपानी ॲनिमेमध्ये शांत, थंड, हळू बोलणाऱ्या मुलींची लाटच आली, त्यातल्या बऱ्याच जणींनी वरचा थंडपणा उचलला, आतली हालचाल नाही. ‘इव्हान्जेलियन’मध्येच हायाशिबाराने नायक शिंजीची आई युई आणि त्याला सांभाळणाऱ्या मिसातोच्या घरातला पेंग्विन पेन पेन यांनाही आवाज दिलाय. हो, पेंग्विनसुद्धा.

एकाच एपिसोडमध्ये एका कलाकाराने दोन-तीन पात्रं करणं जपानमध्ये नेहमीचं आहे, आणि त्याचे वेगळे पैसे मिळतीलच असं नाही, एपिसोडचा जो दर तोच. इथून आपण पैशाच्या भागाकडे येतो.

जपानमध्ये ॲनिमे आणि डबिंगसाठी कलाकारांच्या युनियनशी ठरलेली रँक पद्धत आहे. नवीन माणूस पहिली तीन वर्षं ‘ज्युनियर’, अर्ध्या तासाच्या एपिसोडला १५,००० येन, आपल्या हिशोबात साधारण आठ-नऊ हजार रुपये. मग हळूहळू रँक वाढत ४५,००० येनपर्यंत, त्याच्या वर गेलं की रँक नाही, दर बोलून ठरवायचा. महत्त्वाची गोष्ट ही की दर एपिसोडचा आहे, वाक्यांचा नाही. नवखी मुलगी हिरोईन असून अख्खा एपिसोड बोलली तरी १५,०००, आणि तिच्याच रँकच्या मैत्रिणीने नुसतं ‘या, बसा’ म्हटलं तरी १५,०००. सीझन बारा एपिसोडचा धरला तर तीन महिन्यांत मुख्य भूमिकेचे १ लाख ८० हजार येन, त्यातून एजन्सीचा वाटा, टॅक्स, आणि टोकियोत एका छोट्या खोलीचं भाडंच महिन्याला साठ-सत्तर हजार. जमतं का बघा.

वर यात एक पेच आहे. रँक वाढली की मान वाढतो पण प्रोड्यूसरसाठी तुम्ही महाग होता. बजेट ठरलेलं असतं, मग लहान भूमिकांना परत ज्युनियर बोलावले जातात. त्यामुळे ज्युनियर असताना भरपूर काम आणि तीन वर्षं संपल्यावर अचानक शांतता, असं खूप जणांच्या बाबतीत होतं. आणि हे जे काही दर आहेत तेही सहज मिळालेले नाहीत, १९७३ साली सेइयूंनी कामाच्या दरासाठी टोकियोच्या रस्त्यावर मोर्चा काढला होता आणि त्यानंतर दर चांगला वाढला. आपण ज्यांचे आवाज बालपणाची आठवण म्हणून जपतो त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं, हे मला प्रत्येक चाहत्याला माहीत असावं असं वाटतं.

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप कळतं. सेइयू गाणी का म्हणतात, रेडिओ शो का करतात, इव्हेंटला का उभ्या राहतात, गेम्स का इतके महत्त्वाचे. नुसत्या ॲनिमेवर भागत नाही म्हणून.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांना जपानमध्ये सेइयूंचा तिसरा बूम म्हणतात. १९९४ मध्ये फक्त आवाजाच्या कलाकारांसाठी मासिकं निघाली, मुखपृष्ठावर त्यांचे फोटो. हायाशिबारा या लाटेच्या अगदी मध्यभागी होती. किंग रेकॉर्ड्सबरोबर तिने स्वतःच्या नावाने अल्बम काढले, ‘स्लेयर्स’ची टायटल गाणी तिनेच म्हटली, बऱ्याच गाण्यांचे शब्दही तिचेच. म्हणजे प्रेक्षक सिरीयल सुरू करतो तेव्हा टायटलमध्ये तिचा आवाज, मग गोष्टीत तिचा आवाज, आणि शनिवारी-रविवारी रात्री रेडिओवर परत तिचाच, श्रोत्यांची पत्रं वाचताना. तिचा रेडिओ शो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला आणि दशकांमागून दशकं चालत राहिला. रेडिओ बाहेरून किरकोळ वाटतो पण चाहता टिकतो तो तिथे, कारण सिरीयल सव्वीस आठवड्यांत संपते, रेडिओ दर आठवड्याला येतो.

पण एक गोष्ट तिने बराच काळ केली नाही. एवढे अल्बम, एवढी मागणी, तरी स्वतःचा सोलो कॉन्सर्ट थेट २०१७ मध्ये. तिच्यानंतरच्या पिढीचं उलटं झालं. नाना मिझुकी २००९ मध्ये कोहाकु उता गास्सेन या ३१ डिसेंबरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गायली, २०११ मध्ये टोकियो डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये तिचा शो झाला, २०१६ मध्ये ‘लव्ह लाइव्ह’ या ॲनिमेच्या सेइयू मुलींनी तोच डोम भरला. आता नवीन मुलीला ऑडिशनमध्ये अभिनयाबरोबर गाणं, नाच आणि दिसणं हेही विचारात घेतलं जातं. मला यात थोडी काळजी वाटते. ज्या मुली नाचून गाऊन उत्तम करतात त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच, पण ज्या बाईचा आवाज अप्रतिम आहे आणि जिला स्टेजवर जायचं नाही, तिच्यासाठी दार अरुंद होत चाललंय.

आता गेम्स, आणि हा भाग जरा सावकाश, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या कार्ट्रिजवर जागाच नसायची, आवाज म्हणजे एखादी किंकाळी. १९८८ च्या शेवटी पीसी इंजिन या कन्सोलला सीडी ड्राइव्ह जोडायची सोय आली आणि पहिल्यांदा माणसाचं अख्खं बोलणं गेममध्ये भरता आलं. ‘रानमा’चे गेम त्या सीडीवर आले तेव्हा ॲनिमेचेच कलाकार त्यात बोलले. १९९४ मध्ये सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन आले आणि दारं पूर्ण उघडली. १९९६ च्या ‘साकुरा तायसेन’मध्ये तर गेमच्या अभिनेत्रींनी, चिसा योकोयामा वगैरे, पुढे तीच पात्रं घेऊन खऱ्या रंगमंचावर संगीत नाटकं केली, वर्षानुवर्षं.

गेमचं रेकॉर्डिंग ॲनिमेसारखं अजिबात नसतं. पहिली गोष्ट, तुम्ही एकट्या. समोरच्या पात्राचा कलाकार दुसऱ्याच दिवशी येणार किंवा येऊन गेलेला. दुसरी गोष्ट, चित्र नाही. हातात वाक्यांची यादी, प्रत्येक वाक्याला फाइल नंबर, आणि यादी गोष्टीच्या क्रमाने असेलच असं नाही. तिसरी, गेममध्ये गोष्ट फांद्या फुटत जाते, म्हणून एकाच प्रसंगाची पाच उत्तरं, खेळणारा चांगला वागला तर हे, वाईट वागला तर ते, तिसऱ्यांदा तेच विचारलं तर वैतागून हे. आणि मग लढाई. हलका वार, जोरदार वार, लागलं, जास्त लागलं, मेले, जिंकले, उडी मारली, पाण्यात पडले. असे छोटे आवाज सलग शंभरेक वेळा, प्रत्येक वेगळा. हे ओरडण्याचं काम बहुतेक वेळा सेशनच्या शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर गळ्यात नाजूक वाक्य बोलायची ताकद राहत नाही.

ॲनिमेमध्ये सहकलाकाराच्या वाक्यावर प्रतिक्रिया देता येते, गेममध्ये समोर कुणीच नसतं, सगळी माणसं स्वतःच्या डोक्यात उभी करायची. म्हणून जुने नाटकवाले म्हणतात की गेम अवघड, आणि मला ते पटतं. पैशाच्या बाजूने मात्र गेम बरे, कारण तिथे एपिसोडचा रँक दर लागू होत नाही, वाक्यांच्या संख्येवर किंवा तासांवर हिशोब होतो, आणि मोबाइल गेममध्ये नवीन सणाचा इव्हेंट आला की तेच पात्र परत बोलावलं जातं, दिवाळीसारखं त्यांचं न्यू इयर, उन्हाळा, ख्रिसमस. आजच्या तरुण सेइयूचं उत्पन्न बऱ्याचदा यावर उभं असतं.

गेम्सचा अजून एक परिणाम आहे, जो हायाशिबाराच्या बाबतीत फार छान दिसतो. ‘सुपर रोबोट वॉर्स’ नावाची गेमची मालिका आहे, त्यात वेगवेगळ्या ॲनिमेची पात्रं एकत्र येऊन लढतात. १९९७ मध्ये सॅटर्नवरच्या भागात ‘इव्हान्जेलियन’ आलं, तेव्हा सिरीयल अगदी ताजी होती. पण २०१८ च्या भागात ‘माशिन एइयुदेन वातारु’ आलं, जी १९८८ ची मुलांची सिरीयल, त्यात हायाशिबारा हिमिको नावाच्या खट्याळ छोट्या निंजा मुलीचा आवाज होती. २०१९ मध्ये ‘काउबॉय बिबॉप’ आलं, त्यातली १९९८ ची फे व्हॅलेंटाइनही तिचाच आवाज. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बाईला विशीत केलेली हिमिको आणि तिशीत केलेली फे परत हवी तशी बोलायला लागते, आणि चाहत्यांच्या कानात जुना आवाज पक्का बसलेला असतो, जरा इकडेतिकडे झालं तर लगेच कळतं. पात्राचं वय वाढत नाही, गळ्याचं वाढतं. रोजचं पाणी, झोप, सर्दीपासून जपणं, ओरडायच्या दिवसानंतर गप्प राहणं, हा या करिअरचा न दिसणारा अर्धा भाग.

लांब पल्ल्याची पात्रं म्हणजे काय ते ‘पोकेमॉन’ आणि ‘डिटेक्टिव्ह कोनान’वरून कळतं. आपल्याकडे पोकेमॉन हिंदीत पाहिलेल्या पिढीला टीम रॉकेटची जेसी माहीत आहे, जपानीत तिचं नाव मुसाशी आणि आवाज हायाशिबाराचा, १ एप्रिल १९९७ पासून सातोशीची, म्हणजे आपल्या ॲशची, गोष्ट मार्च २०२३ मध्ये संपेपर्यंत. शिंइचिरो मिकी आणि इनुको इनुयामा यांच्याबरोबर तीच तिकडी, तेच हरणं, तेच आकाशात उडून जाणं, सव्वीस वर्षं. सातोशीचा फुशिगिदाने, म्हणजे बल्बासॉर, तोही तिचाच आवाज. आणि ‘कोनान’मध्ये १९९९ पासून आय हाइबारा, औषधामुळे लहान झालेली शास्त्रज्ञ, शाळकरी मुलीचं शरीर आणि मोठ्या, थकलेल्या बाईचं मन. २०२३ चा कोनान सिनेमा हाइबाराभोवती फिरतो, आणि तो या मालिकेतला १,००० कोटी येनच्या वर कमाई करणारा पहिला सिनेमा ठरला. चोवीस वर्षं हळूहळू साचलेलं पात्र होतं म्हणून प्रेक्षक तसे आले, असं माझं मत.

या लांब नात्याचा दुसरा शेवटही असतो. नोबुयो ओयामा १९७९ ते २००५ डोरेमॉनचा आवाज होती, मग सगळी टीम एकदम बदलली. आपल्याकडच्या मुलांना डोरेमॉन हिंदीतूनच माहीत, पण जपानमध्ये दोन पिढ्यांसाठी तो घोगरा, प्रेमळ आवाज म्हणजेच डोरेमॉन. ओयामाने पुढे २०१० मध्ये ‘दांगानरोन्पा’ या गेममध्ये मोनोकुमा नावाचं क्रूर अस्वल केलं, तोच ओळखीचा उबदार आवाज आणि तोंडी खुनाचे खेळ. अंगावर काटा येतो ऐकताना. सत्तरी ओलांडलेल्या बाईने इतकं धाडसी काम करावं, तेही गेममध्ये, हे मला डोरेमॉनइतकंच मोठं वाटतं. २०२४ मध्ये ती गेली.

सध्याचे प्रश्न थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ पासून जपानमध्ये इन्व्हॉइस टॅक्सची नवीन पद्धत आली, त्यात छोट्या कमाईच्या फ्रीलान्सरवर बोजा वाढला, आणि ती येण्याआधी सेइयूंच्या गटाने केलेल्या पाहणीत दिसलं की बहुतेकांचं वर्षाचं उत्पन्न ३० लाख येनच्या आत आहे. २०२४ मध्ये र्युसेई नाकाओ, कोइची यामादेरा अशा मोठ्या नावांनी परवानगीशिवाय एआयने आवाज बनवण्याविरुद्ध मोहीम काढली. ज्यांचं नाव आहे ते बोलू शकतात, पण एआयचा पहिला फटका बसणार तो गर्दीचे आवाज करणाऱ्या ज्युनियरला, आणि सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते, म्हणून हा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘रानमा’ नव्याने बनून आलं. चित्रं नवीन, पण रानमा मुलगी हायाशिबारा, मुलगा यामागुची, नायिका आकाने नोरिको हिदाका, तिची बहीण नाबिकी मिनामी ताकायामा, जी कोनानचाही आवाज आहे. पस्तीस वर्षांनी तीच माणसं. नेटफ्लिक्सवर आहे, जपानी ऑडिओ लावूनच बघा. जुन्या भागांतला एखादा सीन शोधून शेजारी ठेवलात तर तिने काय सांभाळलंय आणि काय मुद्दाम बदललंय ते दोन्ही ऐकू येईल, मला नव्या रानमात वाक्यांच्या मध्ये थांबायचा धीर जास्त वाटतो.

आणि तिचं एकच काम बघायला वेळ असेल तर सातोशी कोन यांचा २००६ चा ‘पॅप्रिका’ बघा. डॉक्टर आत्सुको चिबा, काटेकोर, थंड, आणि लोकांच्या स्वप्नात शिरणारी तिचीच दुसरी बाजू पॅप्रिका, खेळकर, मोकळी. दोन्ही हायाशिबारा. सिनेमात एका ठिकाणी दोघी समोरासमोर येऊन वाद घालतात, तिथे डोळे मिटून ऐका, पट्टीतला फरक बाजूला ठेवा आणि कोण कधी श्वास घेते तेवढंच पकडायचा प्रयत्न करा.